गॅसकेट की हळद

दाजी,

माणसं गेली. तुमचं पुण्यानुमोदन झालं, भन्तेजींना सोडायला गेलेली गाडी परत आली, मांडववाल्यानं खांब उपटून नेले. तुमच्या जीपच्या बंपरला बांधलेला एक दोर तेवढा तो विसरला. मी तो सोडायला वाकलो होतो, तेवढ्यात आक्का मागं येऊन उभी राहिली. इतके दिवस ती रडण्यापलीकडं काही बोलली नव्हती. बोलली ती एकदम हेच बोलली.

"सुभ्या, घाटात गाडी थांबली नसती, तर हे असते का रं?"

दोर हातातच राहिला. दाजी, तुम्हाला माहीत आहे, मला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर येतं. बरोबर येतंच असं नाही, पण येतं. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातली सगळी नोकरी मी या एका भांडवलावर काढली. या वेळी मात्र एवढंच म्हणालो, "आक्का, जरा चहा ठेव." आणि ती मुकाट्यानं चहा ठेवायला गेली. एरवी मला म्हणाली असती, "हात मोडलेत का तुझे?" तिचं ते न बोलता जाणं मला फार लागलं.

तुमचा जन्म कुठला, बदल्या किती झाल्या, कुठल्या शाळेला वर्ग बांधून घेतला, हे मांडवात बोलणाऱ्यांनी सांगून झालंय. ते मी पुन्हा उगाळत नाही. एक जण तर म्हणाला, गुरुजी अतिशय शांत स्वभावाचे होते. मी आक्काकडं बघितलं, आक्कानं माझ्याकडं. त्या गृहस्थानं तुम्हाला जीपजवळ कधी बघितलेलं नसणार.

ती जीप तुम्ही भिंगारच्या लिलावातून आणलीत, तेव्हाच आपला पहिला वाद झाला. लष्करातून सुटलेली गाडी, कुठल्यातरी बर्फाच्या मुलखात तिनं नोकरी केली असावी, कारण तिला हीटर होता. तिसगावात हीटर! बाजारच्या दिवशी लोक भाजीच्या पिशव्या घेऊन तो हीटर बघायला यायचे आणि तुम्ही तपासणीला आलेल्या साहेबाला शाळा दाखवावी तसं बटण दाबून दाखवायचात. मी म्हणायचो, "दाजी, काढून टाका हे. उगंच दोन नळ्या जास्तीच्या."

"पाव्हणं," तुम्ही म्हणायचात, "तुमच्या डोक्यात बी दोन नळ्या जास्तीच्या हायेत. आमी काढल्या का?"

रेडिएटरमध्ये तुम्ही घरच्या बोअरचं पाणी ओतायचात. आपल्या बोअरचं पाणी म्हणजे तांब्याला महिन्यात पांढरं पुट धरतं. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून मेकॅनिक झालेला माणूस. मी कूलंट घाला म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "मानसं पित्यात तेच गाडी पिती. तिचे काय जास्ती लाड?" पाणी तापेपर्यंत अडवून धरणारी जी लहानशी झडप असते, थर्मोस्टॅट, ती तर कुठल्याशा फिटरनं काढून फेकून दिलेली. आपल्या हवेत तिचं काय काम, असं त्याचं म्हणणं. तुम्हाला ते पटलं होतं, मला नव्हतं. यावर आपण एका लग्नात अख्खी पंगत उठेपर्यंत भांडलो होतो. नवरा-नवरी पाया पडायला आले तेव्हा तुम्ही त्यांना आशीर्वाद दिलात आणि त्याच श्वासात मला म्हणालात, "झडप नको म्हंजे नको."

आता हळदीचं. ते टाळून पुढं जाता येणार नाही.

जयंतीच्या आधी रेडिएटरला बारीक भोक पडलं. जीप मिरवणुकीत पुढं असायची, आणि तुम्ही घोडेगावच्या बाजारात आक्कासाठी शेळी बघायला गेलेले. थेंब थेंब गळत होतं. हळदीचा इलाज आपल्याकडं कुणाला ठाऊक नाही? रेडिएटरमध्ये चिमूटभर हळद टाकायची, ती फिरत फिरत भोकात जाऊन बसते, गळती थांबते. गाडी घरी पोचते, मग रेडिएटर सवडीनं झाळून घ्यायचा. मी चिमूटभर टाकली. थेंब कमी झाला. मग मी माझी अक्कल चालवली. चिमटीनं कमी होतो, तर मुठीनं बंद होईल, आणि दोन मुठींनी जन्मात गळणार नाही. आक्कानं नुकतीच दळून आणलेली हळद होती. डबा निम्मा झाला.

गळती मात्र थांबली. तुम्ही शेळी घेऊन आलात, झाकण काढून आत बोट बुडवलंत, आणि ते पिवळं बोट माझ्या नाकासमोर धरलंत.

"पाव्हणं, गाडीला हळद लागली. आता नवरदेव कोन, तुमी का?"

"थांबली का न्हाई गळती? ते सांगा."

"थांबली. पन हे उतरवून आतनं धुवून घ्यावं लागंल."

"घेऊ की."

"घेऊ की," तुम्हीही म्हणालात, आणि आपण दोघंही जेवायला गेलो. मिरवणुकीत तापमानाचा काटा जरा वर गेला होता. मी म्हणालो, डीजेमुळं. तुम्ही हसलात. आज वाटतं, तेव्हा हसायला नको होतंत. एखादी लाथ घालायला हवी होतीत.

आणि मग ती सकाळ. आक्काचा फोन आला आणि मी चप्पल न घालता धावलो. तुम्ही खाटेवर बसलेले, सदरा घामानं चिंब, डावा हात उजव्या हातानं धरलेला. "ॲसिडिटी हाय," म्हणालात. तुमच्या ओठांचा रंग बघून मला कळलं, ॲसिडिटी नाही. अँब्युलन्सला फोन लावला. ती दुसरीकडं पेशंट घेऊन गेलेली, यायला वेळ लागणार होता. शेजारची कार लग्नाला गेलेली. दारात उभी होती ती फक्त जीप.

"काढा," तुम्ही म्हणालात.

मागच्या बाकावर आक्काच्या मांडीवर तुमचं डोकं. करंजी गावापर्यंत काटा मध्यावर होता. घाटाचं पहिलं वळण घेतलं आणि तो हलला. आरशात तुमचा चेहरा पांढरा पडत चाललेला आणि समोर काटा तांबड्याकडं चाललेला. कुणाकडं बघावं कळेना. रस्त्याकडं बघायचं असतं हे मधेमधे आठवत होतं.

"काटा कुठं हाय?" तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत.

"मध्यावर."

"पाव्हणं, मला आवाज कळतो इंजिनचा. काटा कुठं हाय?"

"मध्याच्या... जरा फुडं."

"हीटर लावा."

मला वाटलं, संपलं. माणूस भ्रमात गेला. बाहेर ऊन असं की स्टिअरिंगला हात लावायचा म्हणजे तवा धरायचा. मी म्हणालो, "दाजी, थंडी वाजती का हो?"

आक्का ओरडली, "आवं, ह्यान्ला थंडी वाजायला लागली! सुभ्या, पळव रं गाडी!"

"थंडी न्हाई वाजत!" तुम्ही ओरडलात, आणि त्या ओरडण्यानं तुमचाच श्वास अडकला. मग हळू म्हणालात, "हीटर म्हंजे दुसरा बारका रेडिएटरच असतो. इंजिनची गरमी तो हिकडं वढून घेतो. फुल्ल लावा. गिअर खाली घ्या. पळवू नका, फिरू द्या."

लावला. त्या हीटरनं भर वैशाखात आपल्या तिघांवर विटभट्टीचं तोंड उघडलं. माझ्या नडग्या भाजायला लागल्या. आक्का पदरानं तुम्हाला वारा घालत होती, म्हणजे तीच गरम हवा उचलून पुन्हा तुमच्याच तोंडावर टाकत होती. तुम्ही म्हणालात, "वारा घालू नको, भाकर शेकल्यासारखं वाटतंय." पण दाजी, काटा खाली आला. थोडासाच, पण आला. मी ओरडून सांगितलं. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "काढा म्हनत हुता ना? जास्तीच्या नळ्या?"

त्या क्षणाला मला वाटलं, पोचलो. तुम्ही टोमणे मारताय म्हणजे मरत नाही.

पुढच्या वळणावर मुरूम भरलेला डंपर होता. गोगलगाईसारखा. त्याला ओलांडायला जागा नाही, मागं येणारे हॉर्न मारतायत, आणि वारा बंद झाल्याबरोबर काटा उठला तो थेट तांबड्यात. बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मी गाडी कडेला घेतली आणि पहिल्यांदा किल्ली फिरवली.

"बंद करू नका! जाग्यावर फिरू द्या!"

बंद झाली होती. मी उतरलो, बॉनेट उघडलं, पाना काढला, रुमाल घेतला. मागून तुमचा आवाज आला, "झाकनाला हात लावू न..." तेवढंच ऐकू आलं. पुढचं झाकणानं ऐकू दिलं नाही. उकळतं पिवळं पाणी बॉनेटच्या पत्र्याला लागून माझ्या हातावर, छातीवर, सगळीकडं. मी जे ओरडलो ते करंजीपर्यंत गेलं असेल. आणि त्या वाफेला वास कशाचा होता? फोडणीचा. घाटात कुणी पिठलं टाकावं तसा.

"भाजलं का?" आतून तुम्ही.

"न्हाई."

"मग बोंबलला कशाला?"

आक्का एकदा तुमच्याकडं बघत होती, एकदा माझ्याकडं. तिला एकाच वेळी नवरा आणि भाऊ असे दोन्हीकडून हातचे चाललेले दिसत होते. मी रस्त्यात उभा राहून गाड्यांना हात करायला लागलो. गाड्या येत होत्या, वेग कमी करत होत्या, माझ्याकडं बघत होत्या आणि निघून जात होत्या. त्यांना तरी काय म्हणायचं? डोक्यापासून कमरेपर्यंत पिवळा झालेला, अनवाणी, एका हातात पाना घेऊन भर रस्त्यात नाचणारा माणूस. मीसुद्धा थांबलो नसतो.

थांबला तो वरून खाली उतरणारा कांद्याचा टेम्पो. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "काय मामा, हळदीतनं पळून आला काय?"

"पेशंट हाय रं आत."

त्याचं हसू जागच्या जागी विरलं. कॅन घेऊन तो उतरला. "मी खाली चाललोय हो, वर चाललो असतो तर उचलून घातलं असतं," असं दोनदा म्हणाला. तो पाणी ओतायला लागला तर तुम्ही बाकावरून, छाती धरून, "एकदम वतू नका! हेड तडकंल. इंजिन चालू करा, मग बारीक धार."

"बाबा, तुमी गप पडा ना."

"तुमी नीट वता, मग गप पडतो."

किती वेळ गेला त्यात? आक्का म्हणते तासभर. मी म्हणतो वीस मिनिटं. तुम्ही म्हणायचात, जेवढा लागायचा तेवढा लागला.

उरलेला चढ, मग उतार, भिंगार, मग दवाखाना. दारात स्ट्रेचर आणलं आणि त्यांनी त्यावर मला झोपवलं! हात सोललेला, अंग पिवळं. पेशंट म्हणून मीच जास्त पटत होतो. "मी नव्हं, हे! हे!" असं मी ओरडत राहिलो. तुम्ही जीपमधून बघत होतात. मला पक्कं आठवतं, तुम्ही हसलात.

तुम्ही वाचलात. ते मला पुन्हा एकदा लिहू द्या. त्या दिवशी तुम्ही वाचलात. पण डॉक्टर एक वाक्य बोलले, सगळ्यांना बोलतात तसंच, फाईल मिटता मिटता: "थोडं आधी आणलं असतं तर हार्टचं नुकसान कमी झालं असतं." ते वाक्य आक्कानं उचललं आणि पदराच्या गाठीत बांधलं. कधी सोडलं नाही, कुणाला दाखवलं नाही. मांडव उठला त्या संध्याकाळपर्यंत.

तुम्हाला जनरल वॉर्डात आणल्यावर आपण पहिलं काय केलं? भांडलो. माझ्या हाताला बँडेज, तुमच्या हाताला सुई.

"गॅसकेट गेलंय," तुम्ही म्हणालात. म्हणजे इंजिनच्या हेडखालची, गॅस आणि पाणी वेगळं ठेवणारी ती पातळ चकती.

"गॅसकेट? दाजी, गॅसकेट गेलं असतं तर ऑइलचा दुधाचा चहा झाला असता. मी मापाची पट्टी ओढून बघितली, ऑइल काळंकुट्ट हाय. सायलेन्सरमधनं पांढरा धूर न्हाई. रेडिएटर जाम झालाय. वरनं हात लावला तर चटका बसतो आन् खालनं गार. पानी फिरतच न्हाई आत."

"गॅसकेटच."

"अहो, रेडिएटर जाम..."

"जाम कशानं झाला?" हे आक्कानं विचारलं. ती स्टुलावर बसून सफरचंद कापत होती. सुरी थांबली होती.

मी तोंड उघडलं. मी सांगणार होतो, बोअरच्या पाण्यानं, तुमच्या कंजूषपणानं. आणि त्याच क्षणी मला फोडणीचा वास आठवला.

"गॅसकेट हाय म्हन्लं ना!" तुम्ही एवढ्या जोरात ओरडलात की नर्स धावत आली. "सोळा वर्सं गाडी मी चालवतोय. हेडचं गॅसकेट जुनं झालं, गेलं. त्यात कुनाचा काय दोस? जुनी गाडी हाय. जुन्या गाडीचं जातंच." मग भिंतीकडं तोंड फिरवून झोपलात.

मी म्हटलं, केवढा हा हट्ट. मरता मरता वाचला, पण वाद सोडवत नाही.

घरी आल्यावर तुम्ही जीपसमोर खुर्ची टाकून बसायला लागलात. मी म्हणायचो, रेडिएटर उतरवतो, नगरला नेऊन धुवून आणतो. "न्हाई. रेडिएटरला हात लावायचा न्हाई. आधी बुडबुडे बघायचे." आणि मग गुरुजी होऊन समजावून सांगायचात. इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढायचं, पाणी काठोकाठ भरायचं, गाडी चालू करायची. एकानं ॲक्सिलरेटर दाबायचा, दुसऱ्यानं पाण्यात बघायचं. गॅसकेट फाटलेलं असलं तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो आणि बुडबुडे येतच राहतात. "सुरुवातीचे धरायचे न्हाईत. ती अडकलेली हवा असती. ते थांबल्यावर जे येत्यात, ते खरे. कळलं का?"

"कळलं. चला, आत्ता बघू."

"आज नको. दम लागतोय."

पुढच्या वेळी ऊन होतं. त्याच्या पुढच्या वेळी बॅटरी उतरलेली. एकदा तर म्हणालात, आज आमावस्या. आयुष्यभर ज्या माणसानं शाळेत पोरांना आमावस्येचं भय काढून टाकायला शिकवलं, तो! मी गावभर सांगत सुटलो की दाजी हरायला घाबरतात. तुमच्या तोंडावरही म्हणालो. तुम्ही नुसतं, "व्हय, घाबरतो," म्हणालात, आणि मला त्यातसुद्धा माझा विजय दिसला.

मग एका दुपारी जेवून पडलात ते उठला नाहीत. जीप लागली नाही, घाट लागला नाही, मी लागलो नाही. कुणाला धावायची संधीच दिली नाहीत तुम्ही.

आणि आता आक्काचा तो प्रश्न. चहा झाला, आम्ही दोघांनी प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर ती जीपजवळ बादली घेऊन उभी.

"ते बुडबुडं बघायचं राह्यलंय ना? बघ."

"आक्का, कशाला आता?"

"बघ म्हन्लं ना. गॅसकेट असंल तर असंल. नसंल तर नसंल. मला एकदा कळू दे."

दाजी, तिला सगळं ठाऊक होतं. स्वयंपाकघरातून आपले वाद ऐकत ऐकत ती आपल्या दोघांपेक्षा जास्त मेकॅनिक झाली होती. हळदीचा डबा तिचाच होता. गॅसकेट निघालं तर घाटातला तो वेळ जुन्या गाडीनं खाल्ला. नाही निघालं तर तो तिच्या भावानं खाल्ला. एवढं साधं होतं ते.

बॅटरीला दुसऱ्या गाडीची वायर जोडली. आक्काला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. इतक्या वर्षांत ती त्या जागेवर पहिल्यांदा बसली. "हा उजवीकडचा. हळू दाब, सोडू नको." तिनं चप्पल काढून पाय ठेवला. मी झाकण काढलं, काठोकाठ पाणी भरलं. ते माझ्या डोळ्यांदेखत पिवळं झालं.

"लाव," मी म्हणालो.

इंजिन सुरू झालं. पाणी थरथरलं. आणि एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मग लागोपाठ चार-पाच, टपोरे. मी बॉनेटचा पत्रा घट्ट धरला. दाजी, तुमच्यासमोर हरायची एवढी हौस मला जन्मात कधी आली नव्हती. ओरडणारच होतो, आक्का, आले! पण तुमचा आवाज आडवा आला. सुरुवातीचे धरायचे न्हाईत.

मी थांबलो. बुडबुडे विरळ झाले. एक आला, मग कितीतरी वेळानं एक. मग थांबले.

"दाब आक्का, अजून दाब."

इंजिन ओरडायला लागलं, शेळी दावं तोडायला बघायला लागली. मी पाण्यावर डोळे रोवले. एक दे. एकच दे. पाणी नुसतं थरथरत होतं, वर पिवळी साय, तिला एक भोकसुद्धा पडत नव्हतं. इंजिन तापेपर्यंत मी तसाच उभा होतो. मग रेडिएटरला हात लावला. वर चटका, खाली गार.

"आलं का?" आक्का इंजिनपेक्षा मोठ्यानं ओरडली.

मी मान वर केली नाही.

"सुभ्या! आलं का?"

इंजिनचा आवाज खाली आला. दार वाजलं. तिचे गुडघे दुखतात, उतरायला तिला वेळ लागला. माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, वाकली आणि त्या पाण्यात बघायला लागली. मी तिच्याकडं बघायला लागलो. पाण्यात काही नव्हतं, दाजी. तिलाही दिसत होतं की काही नाही. सुरुवातीचे कोणते आणि खरे कोणते, हे तिलाही पाठ होतं.

"हे काय," ती म्हणाली. "आलं की."

"कुठं?"

"ते काय. बारीक बारीक हायेत. तुझा चष्मा बदल."

"आक्का, न्हाईत गं. ती हळद..."

"मला दिसत्यात!" ती ओरडली. "गॅसकेटच हुतं. हे सांगत हुते ते काय खोटं सांगत हुते? जुनी गाडी हाय. जुन्या गाडीचं जातंच." आणि माझ्या हातातलं झाकण हिसकावून घेऊन तिनं ते स्वतः बसवलं, दोन्ही हातांनी जोर लावून फिरवलं. मग पदरानं बोटं पुसत म्हणाली, "फिटरला सांग, हेड उघडायचंय. आन् आत ये, चहा ठेवते. का तुझे हात मोडलेत, तूच ठेवतो?"

ती आत गेली. मी तुमच्या खुर्चीत बसलो. तुमचीच वाक्यं, तुमच्याच चढ्या आवाजात तिनं मला ऐकवली होती, आणि तेव्हा मला वॉर्डातलं तुमचं ते भिंतीकडं फिरवलेलं तोंड दिसलं. आमावस्या दिसली. उतरलेली बॅटरी दिसली. जीपसमोर खुर्ची टाकून तुम्ही पहारा देत होतात, आणि मी गावभर सांगत होतो की दाजी हरायला घाबरतात.

मला तुम्हाला काय काय म्हणायचंय ते इथं मावणार नाही, आणि तुम्ही असतात तर मी ते म्हटलंही नसतं. त्याऐवजी झडपेवरून भांडण काढलं असतं. झडप हवीच होती, दाजी. ते मत माझं कायम आहे.

फिटर रविवारी येतोय. धडधाकट हेड उघडणार, चांगलं गॅसकेट काढून टाकणार आणि त्या जागी नवं बसवणार. रेडिएटर मी आजच उतरवून नगरला धुवायला आणि झाळायला टाकून आलो. आक्कानं मला तो उचलून नेताना बघितलं आणि शेळीला पाला घालायला तोंड फिरवलं.

फोनवर फिटर खोदून खोदून विचारत होता. "धूर न्हाई, ऑइल चांगलं, मग हेड कशाला उघडायचं? बुडबुडे कुनी बघितले?"

म्हटलं, "घरच्या दोघांनी बघितलेत. तू उघड."